रकाना

प्रमाणपत्र लॅमिनेट करून आणलं यवतमाळहून,
कपाटाच्या काचेआड लावलं,
आणि मला वाटलं, झालो आपण ग्रंथपाल.
चार हजार तीनशे बारा पुस्तकं,
प्रत्येकाच्या पाठीवर माझ्या हातचा आकडा.
लाइट गेली तरी सांगू शकलो असतो
कोणतं ज्ञान कुठल्या फळीवर निजलंय.

मग एका सोमवारी, बाजाराच्या दिवशी,
पंचफुला मेश्राम चपला बाहेर काढून दारात उभी राहिली.
कुणी काढायला सांगत नाही. तरी काढतात.
"कोंबड्यायचं पुस्तक हाय का जी?"
सहाशे छत्तीस दशांश पाच.
मी न बघता हात घातला, नेमका त्याच पुस्तकावर पडला.
त्या दिवशी मी माझ्यावर फार खूश होतो.

गुरुवारी तिनं ते परत आणलं,
वर्तमानपत्राचं कव्हर घालून.
"चांगलं हाय जी पुस्तक.
पाचशे पक्ष्यायचं शेड, पंखे, बँकेचे कागद...
माह्याजवळ सातच होत्या."
मी परतीचा शिक्का मारला.
शाई वाळता वाळता ऐकू आलं मला
ते होत्या.

"काय झालं होतं?"
तीन दिवस उशिरा विचारलं मी.
तुऱ्यावर फोड आले, मग डोळ्यांवर.
एक तर दाण्याच्या शेजारी चोच मारायची,
दाणा सोडून.
पंचफुलाबाईला पुस्तक नको होतं,
त्या रात्रीपुरतं कुणीतरी हवं होतं विचारायला.
आणि गावात विचारायची म्हणून जी जागा आहे
तिच्या दारावर माझ्याच अक्षरात पाटी:
शांतता राखा.

प्रशिक्षणात सरांनी फळ्यावर लिहिलं होतं,
वाचक हा केंद्रबिंदू.
आम्ही सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं,
भोवती वर्तुळही काढलं.
केंद्रबिंदू चपला काढून दारातच थांबतो
हे कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं.

आता शिकतोय. चव्वेचाळिसाव्या वर्षी.
टेबल दाराशी आडवं होतं, ते भिंतीला लावलं.
कार्डाआधी पाणी विचारतो.
"कोणतं पुस्तक" गिळतो, "काय अडलं" म्हणतो,
आणि मग गप्प बसतो. हेच जमत नाही अजून.
पहिला प्रश्न नुसता चाचपायला येतो,
खरा त्याच्या मागं, सायकलला टेकून उभा असतो.

रितिक कुमरेनं पोलीस भरतीचं गाईड मागितलं.
छाती किती फुगवायची, त्याला पाठ होतं.
पानं उलटत राहिला, उलटत राहिला,
बंद करायची वेळ झाली तेव्हा म्हणाला,
"भाऊ, रातांधळं चालते का?"

रजिस्टरच्या शेवटच्या पानावर आता नंबर आहेत:
गुरांचे डॉक्टर, आरोग्य सेविका, घाटंजीचा एक वकील
जो फोन उचलतो.
त्यांना दशांश नाही, नुसते दहा आकडे.
आणि नोंदवहीत पट्टीनं मी एक रकाना वाढवलाय:
कशासाठी.
तपासणीला आलेले साहेब म्हणाले, नमुन्यात हा नाही.
नाही, म्हटलं. चहा मागवला.

पंचफुलाबाई अजूनही चपला बाहेरच काढते.
सवय. पण आता आत येते,
बाकावर बसते, पिशवी मांडीवर घेऊन,
आणि आधी दुसऱ्यांचं काय अडलं ते ऐकून घेते.
कधी कधी उत्तरही तीच देते.

मागल्या बुधवारी इसरू आत्राम आले.
"आमच्या बोलीतलं एखादं हाय का?"
नाही, हे मला माहीत होतं.
तरी त्यांच्या देखत एकेक फळी पाहिली,
खालची सुद्धा, जिथं वाळवीची पावडर टाकलीय.
"कशासाठी, बाबा?"
"नात हाय. हसते मराठीत, ते ठीक.
रुसते बी मराठीतच."

ते मी लिहून घेतलं, शब्दाला शब्द.
पुस्तकाच्या नावाच्या जागी
अशा वेळी आडवी रेघ मारायची असते.
अजून मारलेली नाही.