समाधानकारक

शिरोलीत, हायवेला लागून, आमची फौंड्री.
अठरा वर्षं मी तिथले कागद सांभाळते.
आधी टायपिस्ट, मग क्लार्क,
मग सकाळच्या कॉलेजातून वकिली करून
'कम्प्लायन्स मॅनेजर'.
पितळी पाटी गुजरीतून कोरून आणली.

आईला माझं काम सांगता येत नाही.
शेजारणीला म्हणते,
"कारखान्याच्या चुका शोधती,
आणि कारखानाच तिला पगार देतोय."
याहून नेमकं मला कायद्याच्या पुस्तकातही सापडलं नाही.

इन्स्पेक्टर यायच्या आदल्या दिवशी
वाळूवर पाणी मारायचं, हेल्मेटं धुवायची,
पेटीतली मुदत संपलेली मलमं बदलायची.
मालक म्हणायचे, "कागद चकाचक ठेवा, मॅडम.
बाकी आम्ही बघतो."
मी ठेवायची.

त्या मार्चमध्ये आगीची तालीम होती.
भोंगा असा वाजला की
हायवेवरचा उसाचा ट्रॅक्टरवाला वाकून बघायला लागला.
सगळे लिंबाखाली.
मी मोजले : दोनशे अकरा.
हजेरीपटावर दोनशे बारा.
कुणी तंबाखू मळत होतं, कुणी घड्याळ बघत होतं.
"असंल कुठंतरी संडासात. लिवा की बारा."

एक लिहून झाला होता,
पुढचा दोन गिरवायला पेन टेकलंही होतं.

मग आत गेले.
कोअर शॉपमध्ये, दाराकडं पाठ करून,
अक्काताई वाळूच्या कोअरला अंगठ्यानं कड देत बसलेली,
रेझिनच्या वासात एकटी,
इतकी निवांत, की क्षणभर मला तिचा हेवा वाटला.
जन्मापासून बहिरी. सहा वर्षं आमच्याकडं.
खांद्याला हात लावला तशी दचकली,
माझा चेहरा बघितला,
आणि आधी हातातला कोअर उलटासुलटा करून तपासला,
चूक तिथंच असणार म्हणून.

ऑफिसात येऊन जुन्या फायली काढल्या.
'ध्वनिसूचना यंत्रणा : समाधानकारक.'
चार वर्षं. चार सह्या. चारही माझ्या.
खोटं त्यात काहीच नव्हतं.
भोंगा खरंच उत्तम वाजायचा.

"एका बाईसाठी एवढे दिवे?" मालक म्हणाले.
मी वाद घातला नाही.
नव्या अहवालात त्या शब्दाआधी
एक 'अ' लिहिला,
आणि सहीसाठी त्यांच्या टेबलावर ठेवला.

आठवडाभर माझा चहा साय धरूनच आला.

पुढच्या सोमवारी दस्तगीर शिडी घेऊन आला,
सात दिवे बसवले, लाल, फिरणारे.
त्याच संध्याकाळी फेटलिंगमधला सर्जेराव
दाराशी चप्पल काढून उभा :
"मॅडम, मलाबी कमीच ऐकू येतंय.
सांगितलं तर काढतील, म्हणून गप्प हुतो."
महिनाभरात असे नऊ निघाले.
ते काही जन्माचे बहिरे नव्हते,
आमच्याच ग्राइंडरनं केलेले.

सगळं झालं असं नाही.
पाळणाघर अजून बजेटात एक ओळ आहे.
स्टोअरला आलेली चांदणी, अर्जात प्रकाश,
तीन आठवड्यांत सोडून गेली.
तिच्यासाठी मी चौदा पानांचं धोरण लिहीत होते,
आणि इकडे तिच्या डब्याशेजारी
कुणी डबा उघडत नव्हतं.
ती फाईल मी बंद केलेली नाही. नाव नसलेली, खालच्या कप्प्यात आहे.

पुण्याहून बोलावणं आलं होतं, मोठ्या कंपनीचं.
पगार दुप्पट, पाटी काचेची.
अजून उत्तर दिलेलं नाही.

अक्काताईनं मला नाव ठेवलंय.
तोंडानं घ्यायचं नाही ते.
हवेत बोट नाचवत माणसं मोजायची,
थांबायचं, भुवया आवळायच्या,
आणि पहिल्यापासून परत मोजायची.
आता सगळं कोअर शॉप
मला त्याच नावानं हाक मारतं.