चार पौंड

बॉयलरच्या कपाळावर होतं ते घड्याळ,
एकाच काट्याचं, वेळ न सांगणारं.
साठावर लाल रेघ.
बनवणाऱ्या गावाचं इंग्रजी नाव
चिंधीनं पुसून पुसून निम्मं गेलेलं.

बाप ऑइलमन. एकदा उघडून दाखवलं त्यानं:
पोटात पितळेची वाकडी नळी.
जत्रेतली कागदी पुंगी फुंकली की उलगडते,
तशी ही, वाफ भरली की
सरळ व्हायला बघते.
होत नाही.
तिच्या त्या धडपडीवर काटा चालतो.

पैकूजी नेवारे आगवाला.
निवलेल्या बॉयलरवरही काटा चारावर टेकलेला असे.
"तो चार जास्त सांगते,
मी चार कमी आयकतो. भागलं."
एकोणीस हंगाम भागलं.
काटा चौसष्टावर आला की फावडं खाली,
चोवीस रेचे एका सुरात,
सरकी इकडे, रुई तिकडे,
आणि साऱ्यांच्या भुवया पांढऱ्या.

मग नागपूरहून बॉयलरचे साहेब आले.
पुलगावपासून बैलगाडीत
मखमली पेटी मांडीवर धरून,
तान्हं लेकरू आणावं तशी.
त्यातलं घड्याळ आमच्या घड्याळाशेजारी जोडलं,
दोन्ही काटे पाहिले,
आमचा उपटला, शून्यावर बसवला,
वहीवर पैकूजीचा अंगठा घेतला.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला झडप उडाली.
वाफेचा असा हंबरडा
की बाभळीवरचे बगळे गेले,
काट्यावरची बैलजोडी
गाडीसकट माघारी वळली,
गिरजाबाई पदरातली रुई झाडत बाहेर आली:
"काजी पैकूजी, हिशेब चुकला का?"

चुकला नव्हता.
काटा आता खरं सांगत होता
आणि ह्याचा हात अजून चार वजा करत होता.
तेरा दिवस उडत राहिली झडप.
चौदाव्या दिवशी नाही उडाली.
त्या दिवशी पैकूजी जेवला नाही, म्हणे बाप.

जिन बंद पडलं त्याला बरीच वर्षं झाली.
घड्याळ मी भंगारातून किलोवर घेतलं.
आर्वी रोडला माझं टायरचं दुकान,
तिथं खिळ्याला टांगलंय.
पोरं विचारतात, हे हवेचं का?
काटा परत चारावर टेकलाय,
खाली ना आग, ना पाणी.

दोन मिनिटांचं काम आहे, येतं मला.
केलं नाही.
ट्रॅक्टरच्या चाकात हवा भरताना
माझा मीटर नवा, चोख, कंपनीचा,
तरी कधी कधी
मनातून चार वजा होतात.