सात किलोमीटरच्या आत

स्टुडिओत वडिलांच्या हातचा पडदा होता:
निळं तळं, दोन हंस, मागे बर्फाचा डोंगर.
बर्फ त्यांनी पाहिलेला तो फक्त
चोपड्याच्या स्टँडवर, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला.
चाळीस वर्षं अख्खा तालुका
त्या तळ्याकाठी ताठ उभा राहिला,
श्वास रोखून.

मी सोमवारी शटर ओढतो.
शंभरचं पेट्रोल, गळ्यात कॅमेरा,
फार तर सात किलोमीटर.
त्यापुढे जायला वेळ नसतो, आणि खरं सांगू,
त्यापुढचं मला नीट दिसतही नाही.

वैशाखात सहालाच निघावं लागतं.
नऊनंतर उजेड पांढराफटक,
केळीच्या पानांच्या चिंध्या,
डांबरावर खोटं पाणी.
कॅमेरा इतका तापतो की डोळ्याला लावता येत नाही;
ओल्या रुमालात गुंडाळून नेतो, टरबुजासारखा.
एकदा वावटळ काढायला थांबलो.
वखरलेल्या रानातून आली ती, कपाशीचा कचरा
आणि कुणाची तरी पिशवी घेऊन.
बटण दाबलं तोवर माझ्याच अंगावरून गेली होती.
फोटोत नुसता करडा चौकोन.
तो ठेवलाय मी. मागे तारीख लिहून.

बांधावरचा एक जण विचारतो,
"काय काढी ऱ्हायना भो?"
उजेड, मी म्हणतो.
तो वळून मागे बघतो, मग माझ्याकडे.
"आठे काय शे?"
आणि तंबाखूची डबी पुढे करतो.

पौषात मात्र सातपुडा जवळ येतो.
उन्हाळाभर धुरळ्यात पुसलेला डोंगर
एका सकाळी तुरीच्या शेंड्यांवर येऊन बसतो,
घड्या मोजाव्यात इतका.
त्या दिवशी पारा सहावर. बोटं वळत नव्हती.
पुढे दादर उभी, कणसं दवानं जड,
आणि डोंगराच्या पायाशी धुईची एक पट्टी,
वाळत घातलेलं धोतर जसं कुणी उचलायला विसरलं.
एकच फोटो काढला.
दुसरा काढावासा वाटला नाही.

वडिलांचा पडदा यंदा उंदरांनी खाल्ला.
आधी हंस, मग तळं.
रंगात खळ असायची ना.
बर्फाला मात्र तोंड लावलं नाही.
मग तोच पौषातला डोंगर फ्लेक्सवर छापून आणला,
आठ बाय दहा, आणि त्याच खिळ्यांना टांगला.
गिऱ्हाइकं कुरकुरली.
"हा तर गच्चीवरून फुकट दिसतो."
"बर्फवाला बरा होता, मगनभाऊ."

जूनमध्ये जामसिंग पावरा आला,
वैजापूरच्या वरच्या पाड्यावरून, मुलीला घेऊन.
आश्रमशाळेच्या अर्जाला फोटो हवा होता.
अर्जाला पांढरी भिंत लागते, ती या बाजूला.
पण सुमली स्टुलावर बसेना.
फ्लेक्सला नाक लावून उभी.
एका सोंडेवर बोट ठेवलं, मग दुसरीवर,
मग दोन्हींच्या मधल्या खाचेत.
बापाला पावरीत काहीतरी म्हणाली.
तो हसला. "घर याच्या मागं आहे म्हणते."

मी लाईट वळवत होतो, तेवढ्यात
ती फ्लेक्सची कड उचलून आत गेली.
आत मोडका ट्रायपॉड, झाडू,
पंख्याचं एक पातं,
उरलेल्या बर्फाची गुंडाळी.
आम्ही दोघे बाहेर थांबलो.
डोंगर जरासा हलला.

बऱ्याच वेळानं आली. कोपराला जाळं.
स्टुलावर बसली, सरळ माझ्याकडे पाहिलं,
आणि बापाला सांगितलं.
"घरी कोणी नाही म्हणते," तो म्हणाला.
मग थोडा विचार करून,
"बरोबर आहे.
सगळी रानात गेलीत."