पाय दिसू देत

सिन्नरच्या हॅचरीतून बोर्ड परत आला
सातपूरच्या आमच्या शेडमधे, दुसऱ्या पाळीत.
सोबत चिठ्ठी : रात्रभर टकटक करतो.
कॉइल जळल्याचा वास, आणि कडेला चिकटलेलं
एक बारीक पिवळं पीस.

बारा व्होल्टचा पुरवठा.
दहा पूर्णांक आठच्या खाली गेला की रिलेनं भार सोडायचा.
हे मीच ठरवलेलं.
चिपला बारा कळत नाहीत,
तिला ओळखता येतो एकच आकडा, एक पूर्णांक दोन.
म्हणून वर ऐंशी किलो-ओहम, खाली दहा,
नवातला एक वाटा तिच्या तोंडाशी.

ऐंशी मिळाला नाही. खणात ब्याऐंशी होते.
दोनानं काय होतंय, म्हटलं.

दोनानं उंबरा अकराच्या वर गेला.
बॅटरी उतरत अकरावर आली :
रिले सोडतो, भार सुटतो, व्होल्टेज वर येतं,
रिले धरतो, व्होल्टेज बसतं, रिले सोडतो.
आत चौदा हजार अंडी.

आहेर बाईंनी बोर्ड दिव्याखाली धरला.
"मेगओहम का नाही घातलेस? बॅटरी कमी खाल्ली असती."
"चिपच्या पायातून थोडी गळती असते, बाई.
एवढ्या मोठ्या रोधावर तीच खोटं बोलायला लागते."
"एवढं कळतं, तर मग..."
पुढचं त्या बोलल्या नाहीत.

आमचं दुकान भांडी बाजारात.
पूर आला की वडील दुतोंड्या मारुती बघत.
अख्खी गोदावरी कोण मोजणार?
पाणी कमरेला लागलं की हंडे माळ्यावर.
तासाभरात ते मांडीपर्यंत उतरे,
शेजारी कुलपं काढायला धावत.
वडील जिन्यात बसून.
"पाय दिसू देत. तोवर एक पळीही खाली यायची नाही."
शेजाऱ्यांनी एका दिवसात तीनदा हंडे चढवलेले आठवतात.
हसलं कोणी नाही. खांदे आमचेही दुखत होते.

ब्याऐंशीच्या मागे तीन पूर्णांक नऊ जोडला.
आउटपुटकडून उलटा एक, चारशे सत्तरचा,
म्हणजे जायचा उंबरा वेगळा, यायचा वेगळा.
नॉब खाली. दहा पूर्णांक आठ. टक.
एकदाच.

नॉब सावकाश वर.
अकरा. रिले गप्प.
अकरा पूर्णांक पाच. गप्प.
"बिघडला की काय?" आहेर बाई वाकून बघतात.

पाय दिसू देत, बाई.