अकरा नंबर

पायांशी खोक्यात चाळीस बॉक्स, खिशात टेस्टर,
स्कूटर मुकुंदशेटची, पेट्रोल माझं.
वेळग्यात शिरलो तेव्हा दहा वाजले होते
आणि खाण बंद होऊन चौथं वर्ष लागलं होतं.
डंपर अजून रांगेत उभे,
आरशांपर्यंत वेली चढलेल्या.

बॉक्स केवढासा? साबणाच्या दोन वड्या शेजारी ठेवा, तेवढा.
मागे दोन भोकं. एकातून आमची वायर आत,
दुसऱ्यातून चित्र बाहेर.
मध्ये काय होतं ते मला विचारू नका,
पणजीत एका दुपारी शिकवलं सगळं,
वर समोसा दिला.

आजवर वहीत नावं नव्हतीच.
चढणीवरचा. मास्तरीण. दोन कुत्री.
गुणाजी डंपरवाला वारला त्याला पाच वर्षं झाली,
तरी वहीत दर महिन्याला दीडशे रुपये भरत होता.
आता फॉर्म आला. फॉर्मला कुत्री चालत नाहीत.
नाव सांगा, म्हटलं.
ती पदराला हात पुसत राहिली,
ओल्या हातानं देण्यासारखी ती वस्तू नसावी.
"घाल... सत्यभामा."
मग स्वतःच हसली. "कितेंशें दिसता आयकपाक."

लाल दिवा. हिरवा दिवा.
तीनशे चॅनल, आणि चित्र इतकं स्वच्छ
की बातम्यांतल्या बाईचा तीळ मोजावा.
"इकरा लाय," ती म्हणाली.
अकरावर कुणी हिऱ्यांचा हार विकत होती,
फक्त आज, फक्त पुढचे दहा फोन.
"हें न्हय. आमचें इकरा."

आमचं अकरा म्हणजे
शेटच्या माळ्यावरचा एक सीडी प्लेयर.
शाळेचं गॅदरिंग, फुटबॉलची फायनल,
कुणी गेलं तर फोटो आणि उचलायची वेळ,
आणि चैत्रात देवळापुढे झालेलं नाटक.
गुणाजी त्यात कुठेच दिसत नाही.
तो विंगेत, हातात पुस्तक, दातांत बॅटरी.
छे, दातांत कशी असेल, बोलायचं होतं ना त्याला.
कॅमेऱ्याचा माईक नेमका विंगेकडे,
म्हणून सेनापतीनं तोंड उघडायच्या आधी
एक घोगरा आवाज अर्धं वाक्य बोलून ठेवायचा.
लोकांनी तक्रार केली. शेट म्हणाला, फुकट बघता.
ती मात्र सेनापतीकडे कधी बघायचीच नाही.

सांगितलं मी, आता सगळं पणजीहून येतं,
शेटचा प्लेयर त्यात शिरत नाही.
तिनं चहा ठेवला.
मी मॅच लावली, काहीतरी लावायचं म्हणून.

तेवढ्यात शेजारी विश्रामाकडे ओरडले, "गेलो रे!"
आमच्याकडे बोलर अजून चेंडू पँटला पुसतोय.
तो धावला. वळला हात.
मग स्टंप उडाला.
त्यांच्याकडे जुनीच वायर, मी समजावलं,
बॉक्सला चित्र उलगडायला
तीन-चार सेकंद लागतात, बिघाड नाही तो.

पुन्हा भिंतीपलीकडून आरोळी,
पुन्हा इथे काहीच नाही,
आणि मग चौकार.
तिसऱ्या वेळी तिनं डोळे मिटले,
कप तसाच हातात.
भिंत आधी बोलली. पडदा मागून.

"विश्रामागेर केन्ना बसयतलो?"
आत्ताच. इथून तिथेच जातोय.
"चार दिसांनी बसय."

फॉर्मवर नाही, वहीत लिहिलं:
विश्राम, घरी नव्हता.
विश्राम अंगणात बनियनवर उभा,
मला बघून हात उंचावून ओरडला, सिक्स!

महिनाअखेरीला रात्री बारा वाजता
शेटनं जुनी लाईन उपटली.
बॉक्स न घेतलेल्यांच्या पडद्यावर मुंग्या आल्या,
आणि विश्रामाकडे मी त्याआधीच्या संध्याकाळी,
म्हणजे अगदी शेवटी.
आता विकेट पडली की अख्खं वेळगें एकदम ओरडतं.

पैसे घ्यायला जातो तेव्हा
तिचा टीव्ही चालू असतो.
अकरा नंबर, हिऱ्यांची बाई,
आवाज बंद.