तोंडची वाफ

महिन्याचा दुसरा गुरुवार. वाचनालयाचं हीटिंग
पुन्हा बंद. कौन्सिलला फोन लावला
तर तिकडून नुसती सनई वाजावी तसं संगीत.
तरी सहाजण आलेत, कोट न काढता.
टेबलावर सहा प्रती,
एकीवर चहाच्या कपाचा गोल.

पुस्तकात लंडनवर फुगे तरंगतात, पितळी बुडाचे,
आणि महापौराचं हृदय
रोज सकाळी किल्ली दिल्याशिवाय चालत नाही.

डेरिल म्हणतो, हे स्टीमपंकच नव्हे.
एकशे चाळिसाव्या पानावर बॅटरी आहे.
पान त्याने दुमडून आणलंय, पुराव्यासारखं.
वीज आली की वाफ संपली.
तस्नीम विचारते, कुणी ठरवलं?
मग डिझेलचं वेगळं, घड्याळी चक्रांचं वेगळं,
जादूचा थेंब पडला की अख्खं दूध नासलं?
आणि नुसतीच टोपीला चक्रं चिकटवली तर?
ऱ्होडरी, जो टोपीला चक्रं चिकटवूनच आलाय,
खिडकीबाहेर बघतो.

मी किल्ल्यांची बाई. साडेआठला कुलूप लावणं माझं काम.
पण पुस्तकांच्या पाठीवर पट्ट्याही मीच चिकटवते,
विज्ञानकथा निळी, इतिहास तपकिरी.
हे पुस्तक मी तीनदा हलवलंय,
बांध कोरणाऱ्या शेजाऱ्यासारखं,
दर खेपेला वीतभर, कुणाला न सांगता.
माझी बहीण म्हणते, कशाला दवडता तोंडची वाफ.

एनिड हॅस्लम अजून बोललेली नाही.
पंधराव्या वर्षी ती मागखात्यात लागली.
चारशे मागांच्या खडखडाटात कान गेले ते गेलेच.
ती ओठ वाचते. खात्यातल्या सगळ्याच बायका वाचायच्या,
दोन रांगा पलीकडे कुणाचं लग्न मोडलं
ते धोटा परत यायच्या आत कळायचं.
आमची चर्चा ती तशीच बघते,
या तोंडावरून त्या तोंडावर,
आणि आज थंडीमुळे
प्रत्येक शब्दाच्या पुढे एक लहानसा ढग.

मग, जरा जास्तच मोठ्यानं:
चारशे अकरा पानं वाचली मी. कोळसा कोण टाकतंय?

कुणाला काही कळत नाही.

फुग्यात बॉयलर आहे ना? बॉयलरला तोंड असतं.
आमच्या गिरणीत ते आर्नल्ड भरायचा, माझा भाऊ.
त्याला भुवया नव्हत्या.
इथे उमरावाची पोर आहे, पितळी मांजर आहे, ती बोलतेसुद्धा.
आर्नल्ड कुठेय?
आणि कापूस कुठून यायचा, तस्नीम म्हणते,
माझी पणजी कुठेय? पण एनिडची तिच्याकडे पाठ आहे.

डेरिल पानं उलटतो. खरोखर शोधतो,
बॅटरी शोधली होती त्याच चिकाटीनं.
दोनशे बाराव्या पानावर
काजळीनं माखलेला एक इसम सापडतो,
सरदारीणबाईंसाठी दार उघडून धरणारा. अर्धी ओळ.
हा असेल, तो म्हणतो.
एनिड चष्मा पुसून ती अर्धी ओळ वाचते.
छे, म्हणते. आर्नल्डनं नसतं धरलं दार.

सगळे हसतात, डेरिलही.
मग ऱ्होडरी हळूच, टोपी हातात घेऊन:
पण आर्नल्ड आत घेतला
तर ते आपलं राहील का? की नुसता इतिहास होईल?
आणि पुन्हा सुरू, सहाच्या सहाजण,
टेबलावर एवढं धुकं
की पुढच्या महिन्याचं पुस्तक ठरवायचंच राहतं.

साडेआठ. दिवे मालवते, कुलूप लावते.
बसमध्ये चढलेली एनिड काचेआडून
मला काहीतरी सांगते, आवाज न करता, खात्यातल्यासारखं,
ओठ मोठे मोठे करून.
मला वाचता येत नाहीत.
काचेवर वाफेचा गोल उमटतो,
ती तो बाहीनं पुसते
आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागते.