शेवटच्या नळाला किती

चिलवेरी सर गेले, हे मला पहाटे साडेचारला कळलं,
टाकीखाली उभी असताना.
चावीवाला हणमंतू म्हणाला,
तुमचं ते पाण्याचं सर, काल रातच्याला.
आणि वाकून व्हॉल्व्हचे आटे सोडू लागला.
पूर्व भागाची पाळी होती,
पाळी कुणासाठी थांबत नाही.

चार दिवसांआड नळ येणाऱ्या सोलापुरात
हा माणूस तेहेतीस वर्षं
पाणी कसं वाहतं ते शिकवत होता.

पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं,
तुमच्याकडं पाणी कधी आलं, आणि किती?
मुलं हसली.
मी विडी घरकुलातली, म्हटलं, सात घागरी.
ते हसले नाहीत.
घागर भरायचे सेकंद विचारले, नळीचा व्यास विचारला,
आई किती वेळा उठते-बसते तेही विचारलं,
आणि अर्धा फळा भरून सात घागरींचं गणित मांडलं.
"हा आकडा पुस्तकात नाही. जपून ठेव की बे."
मुलींनाही ते बे म्हणायचे.
बरोबरी म्हणजे काय, ते मला तिथं पहिल्यांदा कळलं.

प्रयोगशाळेत काचेची लांब नळी होती.
तिच्यात ते जांभळ्या रंगाची एक धार सोडायचे,
सुताच्या धाग्याएवढी.
वडील त्यांचे सूत रंगवायचे, साखर पेठेत,
कोपरापर्यंत निळे हात घेऊन जेवायला बसायचे.
तोटी हळू फिरवली की धागा सरळ,
जरा जास्त फिरवली की गुंता.
धागा तुटायच्या त्या क्षणी सर
तेलुगूत काहीतरी पुटपुटायचे.
अर्थ आम्ही कधी विचारला नाही.

गोड माणूस नव्हता. सुपारी चघळत रागवायचा.
मला एकदा नापास केलं.
उत्तर बरोबर, पण एकक लिहिलं नव्हतं.
"पत्त्याशिवाय पाकीट कुठं टाकू?"

शेवटच्या वर्षी आम्ही सगळ्यांनी
पंपांचे, टाक्यांचे सुंदर नकाशे काढले.
तोंडी परीक्षेत त्यांनी नकाशा पाहिलाच नाही.
बोट थेट कागदाच्या कडेला नेलं,
गल्ली जिथं संपते तिथं.
शेवटच्या नळाला किती?

पुढं महापालिकेत लागले.
मोठ्या तोऱ्यात फोन केला,
सर, तुमच्या गल्लीला पंधरा मिनिटं जास्त सोडते.
पलीकडं बराच वेळ काही नाही.
मग, "कुणाच्या वाटचं?"
आणि फोन ठेवला.

त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं,
भिवंडीहून आले, करीमनगरहून आले.
एप्रिलचं ऊन, अंगणातली पिंपं कोरडी.
त्यांच्या गल्लीची पाळी परवा.
हणमंतूनं मान खाली घालून विचारलं,
म्याडम, सरांच्या लायनीला जरासं?
चावी माझ्या हातात होती.
लोखंड पहाटेचं, अजून गार.

नाही म्हटलं.

घरी जाऊन माझ्या टाकीतले दोन कॅन भरले,
स्कूटीच्या पायाशी उभे केले,
अशोक चौकातून हळूहळू नेले.
वळणावर पाणी आत डुचमळायचं,
तेवढ्या वेळात मी रडून घेतलं.
कॅन दारात ठेवताना त्यांच्या सुनेनं विचारलं,
कुणी पाठवलं?
मी म्हटलं, माझ्याच वाटचं आहे.

दहाव्या दिवशी त्यांच्या गल्लीला पाणी आलं.
सरांचं घर ओलांडून पुढं गेले,
गल्लीच्या टोकाला
लक्ष्मव्वा कुडक्यालांचा नळ आहे, जमिनीत खड्डा करून बसवलेला.
म्हातारी कळशी घेऊन बसलेलीच होती.
तिला म्हटलं, दोन मिनिटं द्या,
आणि तोटीला गेज लावला.

वहीत लिहिलं, साडेतीन.
हात थांबला.
मग लिहिलं, मीटर.
मग वेळ, पाच वाजून दहा.
शेऱ्याचा रकाना तसाच सोडला.
शेरे सर वाचत नसत.

गेज काढला.
लक्ष्मव्वानं कळशी खाली सरकवली.